चार विंडोंची मांडणी आणि न लावलेला पेन ड्राइव्ह

रात्री साडेअकराला मावसबहिणीचा फोन आला. “दादा, परत गेलं सगळं. काल झोपताना चारही विंडो नीट लावून बंद केलं होतं. आत्ता उघडलं तर तीनच आहेत. फोटोची विंडो नाहीच.”

“अगं, मग परत लाव ना.”

“लावते रे. पण या आठवड्यात ही तिसरी वेळ आहे. आणि काल तर मी मुद्दाम सेव्ह केलं होतं.”

शेवटचं वाक्य ऐकून मी उठून बसलो. मुद्दाम जपून ठेवलेली गोष्ट सकाळी जागेवर नसेल, तर माणसाचा त्या साधनावरचा विश्वासच उडतो. पुढच्या तीन आठवड्यांत आम्ही दोघांनी मिळून याचा छडा लावला, तो इथे सविस्तर मांडतो आहे. टेक्स्ट एडिटरमध्ये मांडणी जपायचा प्रश्न ज्यांना रोज पडतो, त्यांच्या कामी तो यावा.

काम काय, मांडणी कशी

ती पुण्यात पीएच.डी. करते. विषय एका जुन्या आख्यानकाव्याची पाठचिकित्सा. काव्याच्या तीन हस्तलिखित पोथ्या तिच्याकडे फोटोंच्या रूपात आहेत. त्यांना ती अ, ब, क म्हणते. तिन्ही पोथ्या तिने ओवी-ओवी करत टंकून काढल्या आहेत. आता पाठ एकमेकांशी ताडून पाहायचे, भेद नोंदवायचे आणि कुठला पाठ मूळ असावा याचा निर्णय टिपणात लिहायचा, असं काम चालू आहे. प्रबंध लाटेकमध्ये, म्हणजे छपाईसाठी मजकूर जुळवणाऱ्या प्रणालीत, लिहायचा आणि टिपणं त्याच्या शेजारीच हवीत, म्हणून चार वर्षांपूर्वी तिच्या लिनक्सच्या लॅपटॉपवर मी इमॅक्स हा टेक्स्ट एडिटर बसवून दिला होता. सध्या त्यावर २९ ही आवृत्ती आहे.

तिची मांडणी अशी: डावा अर्धा भाग वरपासून खालपर्यंत अ पोथीच्या पाठाला. उजवीकडे वर पोथीच्या पानाचा फोटो, त्याखाली ब पोथीचा पाठ आणि तळाशी जेमतेम सहा ओळींची पट्टी, तिच्यात टिपणं. एकूण चार विंडो.

ही मांडणी हौसेची नाही. पोथीत शब्द सुटे नसतात, अक्षरं सलग एकापुढे एक येतात. त्यामुळे एखादी ओवी कशी तोडायची हे ठरवताना नजर फोटोवरून टंकलेल्या पाठावर आणि तिथून दुसऱ्या पोथीवर सारखी फिरत असते. कुठली गोष्ट कुठे आहे हे डोळ्यांना पाठ झालेलं असतं. फोटो उजवीकडे वर म्हणजे वरच. तो खाली आला की हात थांबतो, मग डोकं थांबतं, आणि ओवीचं सुटलेलं टोक पुन्हा सापडायला वेळ जातो. मांडणी नव्याने लावायला तिला किती वेळ लागतो हे मी मोबाइलवर पाहिलं: सात मिनिटं. पण त्या सात मिनिटांपेक्षा जास्त नुकसान नंतरच्या वीस मिनिटांत होतं, कारण तेवढ्या वेळात ती पुन्हा कामात शिरत असते.

इथे शब्दांचा एक घोळ आधीच निस्तरलेला बरा. रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू इमॅक्स १९८५ मध्ये लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा ते मुख्यतः अक्षरी टर्मिनलवर चालायचं. पडद्याचे भाग पाडले की त्या प्रत्येक भागाला इमॅक्सने विंडो म्हटलं, आणि ते नाव आजही तसंच आहे. आपण एरवी ज्या चौकोनाला विंडो म्हणतो, कोपऱ्यातली फुली दाबून बंद करतो, तिला इमॅक्स फ्रेम म्हणतं. विंडोत जो मजकूर दिसतो तो असतो बफर. बफर म्हणजे उघडलेल्या फाइलची स्मृतीतली प्रत. विंडो ही नुसती खिडकी. बफर हे तिच्यातून दिसणारं दृश्य. खिडकी बुजवली तरी दृश्य असतंच, आणि एकच दृश्य दोन खिडक्यांतूनही दिसू शकतं. हा भेद पुढे फार उपयोगी पडतो.

नुसतं बसून पाहणं

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेलो. लगेच काही दुरुस्त करायचं नाही असं ठरवून दोन तास नुसता शेजारी बसलो. तेवढ्या वेळात मांडणी पाच वेळा मोडली.

एकदा तिने स्वतःच टिपण मोठं करायला कंट्रोल-एक्स आणि १ दाबलं. त्यासरशी बाकीच्या विंडो गेल्या आणि टिपणाने सगळा पडदा व्यापला. एकदा तिने एक शब्द सगळ्या फाइलींत शोधला, तर निकालांची यादी फोटोच्या जागी येऊन बसली. उरलेल्या तिन्ही वेळा मोडतोड केली ती ईडिफने.

ईडिफ म्हणजे दोन फाइली शेजारी ठेवून फरक दाखवणारं इमॅक्समधलं अंग. पाठभेदांसाठी त्याच्यासारखं साधन नाही. अ मध्ये ‘तें’ आणि ब मध्ये ‘तया’ असेल, तर ते ओळ तर रंगवतंच, पण ओळीतला तेवढाच शब्द वेगळ्या रंगात उठवतं. मात्र त्यासाठी ते पडदा ताब्यात घेतं, स्वतःच्या विंडो पाडतं आणि आज्ञांची एक छोटी पाटी वेगळ्या फ्रेममध्ये उघडतं. क्यू दाबून बाहेर पडलं की ती पाटी जाते, पण आधीची मांडणी परत येत नाही. दोन पाठ अर्धे-अर्धे उरतात. फोटो आणि टिपण गायब.

तिचा प्रश्न एक नसून दोन आहेत हे या दोन तासांत कळलं. दिवसभरात, इमॅक्स चालू असताना, मांडणी मोडते. आणि रात्री इमॅक्स बंद केल्यावर सकाळी ती परत येत नाही. तिच्या लेखी दोन्ही ‘मांडणी जाणं’ होतं. इमॅक्सच्या पोटात मात्र हे दोन पूर्ण वेगळे मामले आहेत, त्यांची अवजारंही वेगळी. ती एकाचं अवजार दुसऱ्याला लावत होती. इमॅक्सच्या बऱ्याच जुन्या वापरकर्त्यांचीही माझ्या मते इथेच गफलत होते.

दिवसातली मोडतोड

हा भाग सोपा होता. इमॅक्समध्ये विनर-मोड नावाची सोय पूर्वीपासून आहे. ती चालू केली की मांडणीतला प्रत्येक बदल लक्षात ठेवला जातो. कंट्रोल-सी आणि डावा बाण दाबला की एक पाऊल मागे, उजवा बाण दाबला की मागे आलेलं सगळं पुन्हा पुढे. मुळात २०० मांडण्या लक्षात ठेवायची तजवीज असते. मजकुराला जसं अनडू, तसं हे मांडणीला. चुकून दाबलेल्या १ वर हा पुरेसा उतारा आहे.

ईडिफला थोडी जास्त निगराणी लागली. त्याची पाटी वेगळ्या फ्रेममध्ये न उघडता खालीच राहील असं आधी केलं. मग दोन छोट्या फंक्शन्स लिहिल्या: ईडिफ सुरू होण्याआधी चालू मांडणी एका चलात (व्हेरिएबलमध्ये) ठेवायची, ते संपल्यावर परत लावायची. पहिल्या प्रयत्नात मी दुसरी फंक्शन ईडिफ-क्विट-हुकला जोडली (हुक म्हणजे ठराविक क्षणी आपोआप चालणाऱ्या फंक्शन्सची रांग) आणि काहीच झालं नाही. खरं तर झालं होतं: मांडणी परत लागत होती, पण त्यानंतर ईडिफ स्वतःची आवराआवर करताना ती पुन्हा मोडत होतं. हुकमध्ये नव्याने घातलेली फंक्शन सहसा रांगेत पहिली उभी राहते, आणि इथे तिला शेवटी उभं राहायला हवं होतं. तीच फंक्शन ईडिफ-आफ्टर-क्विट-हुक-इंटर्नल या हुकवर नेली. तो हुक सगळं आटोपल्यावर चालतो. क्यू दाबलं आणि चारही विंडो जागच्या जागी आल्या. कर्सरसुद्धा त्याच ओवीवर. ती काही बोलली नाही; पुढच्या ओवीला लागली.

रजिस्टरात काय होतं

आता खरा गुंता. “मी सेव्ह केलं होतं” असं ती म्हणाली तेव्हा तिने नेमकं काय केलं होतं?

तिने रजिस्टर वापरलं होतं. कंट्रोल-एक्स, मग आर, मग डब्ल्यू, आणि मग एक अक्षर. तिने प घेतलं होतं, पोथीचा प. यामुळे आत्ताची मांडणी त्या अक्षराच्या खणात ठेवली जाते. कंट्रोल-एक्स, आर, जे आणि तेच अक्षर दाबलं की ती परत येते. दिवसभर हे उत्तम चालायचं. शिवाय डेस्कटॉप-सेव्ह-मोड मी तिला केव्हाच चालू करून दिला होता. तो इमॅक्स बंद होताना उघड्या फाइलींची नोंद डिस्कवर ठेवतो आणि सुरू होताना परत उघडतो. हा मोड, म्हणजे पुढे ज्याला नुसतं डेस्कटॉप म्हणेन तो, ज्या गोष्टी जपतो त्यांत रजिस्टरंही येतात. तेव्हा तिने काढलेला निष्कर्ष तर्काला धरून होता: मांडणी रजिस्टरात आहे, रजिस्टर डेस्कटॉपमध्ये आहे, म्हणजे मांडणी सकाळी असणार.

ती नसायची. प दाबलं की रजिस्टरात जागा किंवा मांडणी नाही असं उत्तर यायचं. गंमत अशी की त्याच पद्धतीने दुसऱ्या खणांत ठेवलेला मजकूर, म्हणजे वारंवार लागणारी संदर्भांची ओळ वगैरे, सकाळी जशाच्या तसा मिळायचा.

डेस्कटॉपची फाइल साध्या मजकुराची असते, म्हणून तीच उघडली आणि रजिस्टरांची यादी शोधली. संदर्भाची ओळ तिथे अक्षरशः दिसत होती. आणि प च्या नावापुढे, जिथे चार विंडोंची मांडणी असायला हवी, तिथे अवतरणचिन्हांत दोनच शब्द होते: ‘अनप्रिंटेबल एंटिटी’. लिहून काढता न येणारी वस्तू.

तिने ते दोन शब्द दोनदा वाचले. “म्हणजे याने सांगितलंच होतं की. फक्त अशा ठिकाणी, जिथे मी कधी बघणार नाही.”

कारण समजून घेण्यासारखं आहे. रजिस्टरात किंवा विनर-मोडच्या आठवणीत जी मांडणी राहते, तिला इमॅक्स विंडो-कॉन्फिगरेशन म्हणतं. ती जिवंत गोष्टींना धरून असते. ‘उजवीकडे वरच्या विंडोत फोटोच्या नावाचा बफर’ असं तिच्यात लिहिलेलं नसतं. स्मृतीत या क्षणी जो बफर आहे त्याच्याकडेच तिचं बोट असतं. मजकूर कुठून दिसायला सुरुवात होते, कर्सर कुठे आहे, तेही त्या जिवंत बफरमधल्या खुणा म्हणून. म्हणूनच तिचं परत येणं इतकं अचूक असतं: वर दहा ओळी नव्या घातल्या तरी खूण मजकुराबरोबर सरकते. आणि म्हणूनच ती डिस्कवर जाऊ शकत नाही. इमॅक्स बंद झालं की बफर संपले, आणि बोट दाखवायला समोर काहीच उरलं नाही.

डिस्कवर जाऊ शकते ती दुसऱ्या जातीची मांडणी. २०१२ मध्ये आलेल्या २४ व्या आवृत्तीपासून इमॅक्समध्ये विंडो-स्टेट-गेट आणि विंडो-स्टेट-पुट अशी एक जोडी आहे. पहिलीला ‘लिहिता येईल असं दे’ म्हणून सांगितलं की ती मांडणीचं वर्णन देते: कुठला भाग उभा, कुठला आडवा, कुणाचा वाटा किती, कुठल्या विंडोत कुठल्या नावाचा बफर, सुरुवात आणि कर्सर कितव्या अक्षरावर. बोटाऐवजी नाव, खुणेऐवजी आकडा. हे नुसतं मजकुराचं बाड आहे, कुठेही ठेवा, उद्या वाचा. फक्त उद्या त्या नावाचे बफर हजर हवेत, आणि फाइल बाहेरून बदलली असेल तर आकडा थोडा चुकणार.

जिवंत मांडणी आणि लिहिलेली मांडणी. हा फरक तिला पटला तो पोथीच्याच उदाहरणाने. ‘इथून तिसऱ्या ओळीत’ हे पान समोर असेपर्यंतच चालतं. पान मिटल्यावर पुढच्या माणसाला पोथीच्या पानाचा क्रमांक आणि ओवीचा आकडाच द्यावा लागतो.

मग त्या रात्री काय झालं

पण माझं समाधान झालं नव्हतं. २०१४ च्या २४.४ पासून डेस्कटॉप फ्रेम आणि विंडोही जपतो, आणि ही सोय मुळातच चालू असते. ती लिहिलेल्या जातीची मांडणी वापरते. म्हणजे रजिस्टर गेलं तरी डेस्कटॉपने चार विंडो परत आणायला हव्या होत्या. एरवी आणायचाही. आठवड्यातून तीनदाच चुकत होतं, आणि दर वेळी फोटोचीच विंडो जात होती.

ती म्हणाली, “फोटोवर काही शाप आहे का?”

मी विचारलं, “फोटो कुठे ठेवलेत?”

“पेन ड्राइव्हवर. डिस्कवर जागा नाही.”

तिथे सगळं जुळलं. पेन ड्राइव्ह काढून ठेवलेला असताना आम्ही इमॅक्स मुद्दाम सुरू केलं आणि तळाची ओळ नीट पाहिली. डेस्कटॉपने एक फ्रेम आणि अकरा बफर परत आणल्याचं तिथे लिहिलं होतं, आणि शेवटी दोन शब्दांत दोन बफर परत आणता आले नाहीत हेही. पुढची कळ दाबताच ओळ पुसली गेली. एखाद-दोन सेकंदच ती दिसते, आणि त्या वेळी तिची नजर वर ओव्यांवर असते.

फाइल सापडली नाही म्हणून फोटोचा बफर बनला नाही. मग मांडणी लावताना इमॅक्स त्या विंडोशी आलं. ज्या नावाचा बफर हवा तो नाही; अशा वेळी विंडोत तात्पुरतं दुसरं काही दाखवून, मांडणी पूर्ण झाल्यावर ती विंडो शक्य असेल तर काढूनच टाकली जाते. म्हणून तीन उरल्या आणि खालची वर सरकली. इथवरही ठीक होतं. पेन ड्राइव्ह लावून पुन्हा सुरू केलं असतं तर चार आल्या असत्या.

नुकसान झालं ते पुढच्या अर्ध्या मिनिटात. डेस्कटॉप फक्त बंद करतानाच लिहितो असं नाही. मांडणी बदलली आणि त्यानंतर ३० सेकंद हात कळांवर पडले नाहीत, तर तो आपोआप लिहून टाकतो. लॅपटॉप अचानक बंद पडला तर कामी यावं म्हणून ही चांगली सोय आहे. पण त्या रात्री ती तीन विंडोंकडे बघत बसली, हे काय झालं म्हणून. तेवढ्यात ३० सेकंद उलटले. मोडकी मांडणी चांगल्या मांडणीवर लिहिली गेली. मग तिने पेन ड्राइव्ह लावला, इमॅक्स पुन्हा सुरू केलं, आणि तीनच विंडो आल्या. चौथीची आठवण डिस्कवर कुठेच उरलेली नव्हती.

आम्ही हे घड्याळ लावून करून पाहिलं. फाइलची वेळ बदलताना समोर दिसली. प्रकरणातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच: इथे कुठलाही भाग बिघडलेला नव्हता. न सापडलेली फाइल सोडून देणं योग्य, रिकामी विंडो काढणं योग्य, आपोआप जपणंही योग्य. तीन योग्य गोष्टी एका ओळीत आल्या आणि तिची मांडणी गेली.

काय केलं

पहिला उपाय सरळ होता. चालू प्रकरणाला लागणाऱ्या चाळीसेक पानांचे फोटो पेन ड्राइव्हवरून डिस्कवर आणले. तेवढी जागा निघाली.

त्यावर थांबलो असतो, पण ती कधी ग्रंथालयातल्या मोठ्या पडद्याला लॅपटॉप जोडून बसते, कधी घरी लहान पडद्यावर, आणि फोटोंची पुढची खेप परत पेन ड्राइव्हवरच येणार. आपोआप लिहिल्या जाणाऱ्या आठवणीवर सगळा भार टाकणं मला पटेना. म्हणून तिच्यासाठी लिस्पमध्ये, म्हणजे इमॅक्सच्या प्रोग्रामिंगच्या भाषेत, वीसेक ओळी लिहिल्या, आज्ञा दोनच. पहिली मांडणीचं लिहिता येईल असं वर्णन आणि दिसणाऱ्या फाइलींचे पूर्ण पत्ते एका वेगळ्या फाइलीत ठेवते. तीही फक्त सांगितल्यावर, आपणहून कधीच नाही. दुसरी आधी प्रत्येक फाइल जागेवर आहे का ते पाहते. एक जरी नसली तरी पडद्याला हात न लावता थांबते आणि कुठली नाही ते सांगते. सगळ्या असल्या तर त्या उघडते, आणि मगच मांडणी लावते.

हे वापरताना एक खोड निघाली. तिने तीन पोथ्यांचे तीन फोल्डर केले होते आणि प्रत्येकात फाइलचं नाव एकच: पाठ. एकाच नावाच्या दोन फाइली उघडल्या की इमॅक्स फोल्डरचं नाव जोडून बफरांची नावं वेगळी करतं. एकच उघडी असेल तर नाव साधंच राहतं. लिहिलेल्या मांडणीत तर नावावरच सगळं चालतं. त्यामुळे जपताना बफराचं जे नाव होतं, ते परत लावताना तेच असेल याची खात्री नव्हती, आणि एकदा ब चा पाठ खरंच हुकला. फाइलींची नावं अ-पाठ, ब-पाठ, क-पाठ अशी केली आणि प्रश्न मिटला. पाठचिकित्सा करणाऱ्या मुलीने तीन साक्षींना, म्हणजे तीन पोथ्यांच्या पाठांना, एकच नाव दिलं होतं, याचं तिचं तिलाच वाईट वाटलं.

पडद्याच्या आकाराची मला धास्ती होती, ती फुकट गेली. वर्णनात वाटे अपूर्णांकात असतात, अर्धा, पाव असे. त्यामुळे मोठ्या पडद्यावर जपलेली मांडणी लहान पडद्यावर त्याच प्रमाणात बसते. फक्त टिपणांची पट्टी सहा ओळींवरून चारांवर येते. देवनागरी अक्षर उंचीला जास्त जागा घेतं, तेव्हा चारही दाटीच्या वाटतात. घरासाठी तिने वेगळी मांडणी जपली, फोटो थोडा लहान ठेवून.

तिसरी गोष्ट तिने स्वतः मागितली. वाचन, पाठभेद आणि प्रबंधाचं लेखन या तीन कामांच्या मांडण्या वेगळ्या, आणि दिवसात तिन्हींत ये-जा. यासाठी २०२० च्या २७ व्या आवृत्तीत टॅब-बार आला आहे. ब्राउझरमधल्या टॅबसारखा दिसतो, पण इथे एक टॅब म्हणजे एक पान नसून एक अख्खी मांडणी. तिने टॅबना नावं दिली: वाचन, भेद, लेखन. मला यात आवडलं ते असं की प्रत्येक टॅब दोन्ही जातींची मांडणी बाळगतो. इमॅक्स चालू आहे तोवर जिवंत वापरतो, आणि डेस्कटॉपमधून परत आल्यावर जिवंत नसते म्हणून लिहिलेली. जे आम्ही इतक्या खटपटीने समजून घेतलं, ते तिथे आधीच बांधलेलं होतं.

मात्र टॅब आल्यावर विनर-मोड अडचणीचा झाला. तो टॅबांचा भेद करत नाही. ‘भेद’ या टॅबमध्ये मागे जाताना मधेच ‘लेखन’ची मांडणी डोकवायची. म्हणून तो बंद करून टॅब-बार-हिस्टरी-मोड लावला. तो प्रत्येक टॅबची आठवण वेगळी ठेवतो. डाव्या-उजव्या बाणांच्या कळा मी त्याच ठेवल्या, हाताची सवय मोडायला नको.

जे राहिलं

फोटो किती मोठा करून पाहत होतो, हे यातलं काहीच जपत नाही. फोटो योग्य जागी येतो, पण झूम मूळ मापावर. तिला ओवीच्या अक्षरांची वळणं वाचायची असतात, तेव्हा तो रोज वाढवावा लागतो. हे त्या वीस ओळींत घालता येईल, अजून घातलेलं नाही.

परवा ग्रंथालयातून तिचा मेसेज आला, सोबत पडद्याचा फोटो. क पोथीची नवी खेप पेन ड्राइव्हवर होती आणि तो लावायचा राहिला होता. तळाच्या ओळीत फाइल सापडली नसल्याचं आणि तिचा पूर्ण पत्ता होता. वरच्या विंडोंना कुणी हात लावला नव्हता. “लावला आता,” तिने खाली लिहिलं होतं, “चारही आल्या. २१४ व्या ओवीवर आहे.”